माझ्या माश्या कुठल्या, हे लिहून ठेवते

मी, विनोदिनी श्यामराव पिंपळापुरे, वय वर्षे चौऱ्याहत्तर, अविवाहित, शासकीय महाविद्यालयातून निवृत्त झालेली प्राणिशास्त्राची प्राध्यापक, राहणार चौबे कॉलोनी, रायपूर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, माझ्याच जेवणाच्या टेबलावर बसून लिहीत आहे. मला कुणी धाक घातलेला नाही आणि गोड बोलून कुणी लिहून घेतलेले नाही. गोड बोलणाऱ्यांची मला शिसारी आहे, हे घरात सर्वांना ठाऊक आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टरांनी मला आजचा वार विचारला, शंभरातून सात वजा करायला लावले. मग मी त्यांना विचारले, माशीला पंख किती? ते म्हणाले, चार. दोन असतात. तरी कायद्यापुढे सही त्यांचीच चालते, म्हणून ती घेतली.

मजकूर मराठीत आहे. निबंधक कार्यालयासाठी वकील श्री. विशाल मेश्राम यांनी केलेला हिंदी तर्जुमा सोबत आहे. दोहोंत फरक पडला तर मराठी मजकूर खरा मानावा. श्री. मेश्राम यांनाच मी या मृत्युपत्राचे व्यवस्थापक नेमते.

कलम १. याआधी केलेली माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. त्यातल्या शेवटच्यात मी माझा सगळा कीटकसंग्रह माझा विद्यार्थी डॉ. सुशील डबीर याच्या नावे केला होता. तो कागद मी स्वतः गॅसच्या शेगडीवर जाळला. त्या दिवशी त्या शेगडीवर चहासुद्धा करवला नाही.

कलम २. चौबे कॉलोनीतले हे घर माझ्या पगारातून बांधलेले आहे. ते माझा भाचा पराग आणि त्याची पत्नी शर्मिष्ठा यांना दोघांच्या नावाने द्यावे. पराग सिलतऱ्याच्या एका स्पंज आयर्नच्या कारखान्यात आहे, रात्री काळ्या नाकाने घरी येतो आणि कुणाशी भांडत नाही. शर्मिष्ठा भांडते, पण माझी औषधे तीच आणते. बँकेतली ठेवही त्यांचीच.

फ्रीजही त्यांचाच. पावसाळ्यात पकडलेल्या माश्या टाचणीला लागेपर्यंत मी फ्रीजरमध्ये ठेवत असे. शर्मिष्ठाला एकदा मटारच्या पिशवीखाली डबी सापडली आणि तिने पाहुण्यांसमोर मला विचारले, "आत्या, तुम्हाले किळस कशी नाही येत?" मी म्हटले, येते, पण माश्यांची नाही. पाहुण्यांनी मटारभात खाल्ला नाही. आता तो फ्रीज तिने सोड्याने धुऊन घ्यावा आणि त्यात हवे ते ठेवावे.

कलम ३. तात्यापाऱ्यातल्या वडिलोपार्जित घरातला माझा हिस्सा मी भावाला केव्हाच लिहून दिलेला आहे. त्यावर आता कुणी नवा वाद काढू नये. आमचे वडील श्यामराव रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होते. ते जन्मले तेव्हा रायपूर मध्यप्रांत-वऱ्हाडात होते, मी शाळेत गेले तेव्हा मध्यप्रदेशात आणि आज ते छत्तीसगढात आहे. घर जागचे हलले नाही, पत्ता मात्र दोनदा बदलला. ही गोष्ट इथे लिहिण्याचे कारण पुढे येईल.

कलम ४. माझी अवजारे: दोन्ही डोळ्यांनी बघायचा सूक्ष्मदर्शक, दोन जाळी, चिमटे, टाचण्यांचे डबे, पोटॅशची बाटली (विष आहे, शर्मिष्ठाने हात लावू नये), आणि बारीक टाकाची दौत-लेखणी. ही सर्व डॉ. क्षमा ठवकर, अमरावती, यांना द्यावीत. त्या कोण, ते सांगते. पण आधी माश्यांविषयी सांगायला हवे, नाहीतर पुढचे काहीच कळणार नाही.

या माश्यांना मी दरोडेखोर माश्या म्हणते. मिठाईवर बसतात त्या या नव्हेत. ही माशी काडीच्या टोकावर किंवा दगडावर दबा धरून बसते, समोरून जाणारा किडा उडता उडता पकडते, त्याच्या अंगात सोंड खुपसते आणि त्याला आतून पिऊन टाकते. भक्ष्याच्या धडपडीने डोळे फुटू नयेत म्हणून तिच्या तोंडावर राठ मिशा असतात. हिच्या पुष्कळ जाती आहेत आणि वरवर सगळ्या सारख्याच दिसतात. जात ओळखायची तर नराचे शेपटाकडचे टोक पोटॅशमध्ये उकळून सूक्ष्मदर्शकाखाली बघावे लागते. माझी अख्खी हयात या शेपटांत गेली. लोकांनी नाके मुरडली, त्याचे मला काही वाटले नाही.

टाचणीवर लावलेल्या माशीखाली एक नखाएवढा कागद असतो. त्यावर कुठे पकडली, कधी, कुणी, एवढे लिहितात. त्याला लेबल म्हणतात. माशी किड्यांनी खाल्ली तरी चालेल, पण लेबल जाता कामा नये. कारण लेबल गेले की ती माशी कुठलीच राहत नाही. म्हणून आमच्यात एक शिस्त आहे. जुने लेबल चुकीचे असले, फाटके असले, त्यावरचे राज्य नकाशातून गेलेले असले, तरी काढायचे नाही. सांगायचे असेल ते दुसऱ्या कागदावर लिहून खाली जोडायचे.

कलम ५. डॉ. सुशील डबीर यांस काय द्यावे.

सुशील माझ्या हाताखाली डॉक्टर झाला. आता मोठ्या जागेवर आहे, गळ्यात ओळखपत्र घालून फिरतो. माझे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले तेव्हा, म्हणजे सन २०१७ मध्ये, "मॅडम, तुमचं काम मी सांभाळून ठेवतो," म्हणून तो माझ्या काही पेट्या घेऊन गेला. परत आणल्या तेव्हा मी पहिली पेटी उघडली. माझी हाताने लिहिलेली, पिवळी पडलेली लेबले त्यात नव्हती. सगळीकडे पांढरी, छापील: रायपूर, छत्तीसगढ.

तो म्हणाला, "तुम्ही काहून तापून राहिल्या मॅडम? जुन्या लेबलांवर म. प्र. होतं. आता आपलं राज्य वेगळं नाही का? मी साफसुथरी नवीन लावून देली."

"जुनी कुठे आहेत?"

"फेकली ना. त्या कचऱ्याचं काय करायचं होतं?"

"सुशील, यातल्या कितीतरी माश्या पचमढीजवळच्या पिपरियाच्या आहेत. मटकुली लिहिले होते, तू वाचले नाहीस?"

"वाचलं ना. पण तुम्ही पडल्या रायपूरच्या. मले वाटलं, मटकुली इकडचंच एखादं खेडं असेल."

तोपर्यंत त्याचा लेख छापूनही आला होता: छत्तीसगढातून दरोडेखोर माश्यांच्या अमुक जातींची पहिली नोंद. राज्य नवे झाल्यापासून हा धंदाच सुरू झाला आहे. शेतात पाय घालायचा नाही, चिखल लागू द्यायचा नाही, उन्हात उभे राहायचे नाही. जुनी पेटी उघडायची, म. प्र. खोडायचे, छ. ग. लिहायचे, की झाली पहिली नोंद. निदान रायपूरच्या माशीला रायपूर लिहिले असते तर मी नुसते थुंकून गप्प बसले असते. पण याने सातपुड्यातल्या माश्या इथे आणून बसवल्या. लेखाच्या शेवटी माझे आभार मानले होते, नैतिक पाठबळाबद्दल.

मी त्या नियतकालिकाला दुरुस्ती पाठवली. उत्तर आले की संग्राहकाच्या नुसत्या आठवणीवर छापील नोंद बदलता येत नाही, लेखी पुरावा द्यावा. लेखी पुरावा सुशीलने कचऱ्यात टाकला होता. पिपरियाच्या माझ्या टिपणवह्या कधीच वाळवीने खाल्ल्या. आणि त्या संपादक मंडळावर सुशील बसला होता.

तेव्हा सुशीलला पुढीलप्रमाणे द्यावे: माझ्या टेबलाच्या खणातले प्लास्टिकचे भिंग, स्टेशनरीच्या दुकानातले, लेबले वाचण्यासाठी. माझ्या तेरवीला तो आल्यास जेवू घालावे, पण बोलायला उभे करू नये. मी त्याला आईसारखी होते, असे तो म्हणेल. मी नव्हते. शोकसभेत फोटोला हार घालताना त्याचा फोटो कुणी काढू नये, म्हणजे तो येणारच नाही.

कलम ६. हा लेखी पुरावा.

श्री. मेश्राम मला म्हणाले, "मॅडम, मृत्युपत्रात माश्या कोण लिहिते?" मी त्यांना विचारले की नोंदणी झालेले मृत्युपत्र कुणाला फेकून देता येते का. नाही, म्हणाले. मी गेल्यावर मागणाऱ्याला त्याची नक्कल मिळते का? मिळते, म्हणाले. मग मी म्हटले, आता लिहा. ज्या माश्यांची लेबले काढली गेली त्या कुठल्या, हे माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही. मी मेले की त्या कायमच्या सुशील म्हणेल तिथल्या होतील. ते मला सहन होणार नाही. खाली लिहिते ते ईश्वराला नव्हे, त्या माश्यांना स्मरून खरे आहे.

केसाळ, भुंग्यासारखी दिसणारी लाफ्रिया, पेटी दोन. ही रायपूरची नाही. पचमढीच्या वाटेवर मटकुलीच्या वरच्या जंगलात कुजलेल्या खोडावर बसली होती, सन १९८१, पावसाळा. एका पुढाऱ्याच्या पोराला मी प्रॅक्टिकलमध्ये नापास केले म्हणून माझी पिपरियाला बदली झाली होती. शिक्षा म्हणून पाठवले आणि जंगल हाताशी दिले. त्या लोकांना एवढीही अक्कल नव्हती.

त्याच पेटीतली सडपातळ, लांब पायांची, पोटाशी माशीपेक्षा मोठा नाकतोडा असलेली. ही पिपरियाची, रुळांकडेच्या बाभळीवरची. त्या दिवशी अकोल्याहून मला बघायला मंडळी आली होती. मी बाहेरून तशीच आत गेले. मुलाच्या काकांनी विचारले, "डबीत काय आहे?" मी उघडून दाखवले. पोहे तसेच टाकून मंडळी उठली. मुलगा गोरा होता, पण काकांच्या मागोमाग निघाला. ठेवण्यासारखे होते ते मी ठेवले, आणि नाकतोडा त्याच टाचणीवर आहे; धूळ समजून कुणी झटकू नये.

पेटी तीनमधल्या दोन लहान, करड्या. या खरोखर रायपूरच्या, तात्यापाऱ्यातल्या आमच्या गच्चीवरच्या. आई दिवाळीच्या चिवड्याचे पोहे उन्हात घालत होती आणि यातली एक मधमाशी धरून कपड्यांच्या दोरीवर येऊन बसली. आई म्हणाली, "विने, लग्नाचं वय चाललं अन् तू माश्या मारून राहिली." आईला मी पुढे बारा वर्षे सांभाळले. शेवटी शेवटी तीच मला हाक मारून दाखवायची, ती बघ तुझी.

पेटी चार, नारिंगी पायांची. खारून नदीच्या काठची, सन १९९६. इथे सुशीलने स्थळ बरोबर लिहिले आहे, पण संग्राहक म्हणून स्वतःचे नाव घातले आहे. जाळे माझे होते आणि हात माझा होता. तो झाडाखाली समोसा खात होता. तोंड पुसून त्याने मला विचारले होते, "भेटली का मॅडम?"

पेटी दोन, तीन आणि चारमधल्या, एक सोडून, बाकीच्या माश्यांची स्थळे परिशिष्टात एकेक करून दिली आहेत. ती मला पक्की आठवतात.

कलम ७. सर्व पेट्या डॉ. क्षमा ठवकर यांना द्याव्यात.

क्षमा तेव्हा अमरावतीला संशोधन करत होती. सुशीलचा लेख वाचून ती रायपूरला आली आणि लाफ्रिया शोधत दोन पावसाळे फिरली. जी माशी इथे कधी नव्हतीच तिच्यासाठी पोरगी नाल्याकाठच्या सडक्या ओंडक्यांपाशी भिजत उभी राहिली, टायफॉइड झाला, आणि शेवटी माझ्याकडे आली. याच टेबलाशी बसून म्हणाली, "मॅडम, सर्वांना दिसली, मलेच काहून दिसत नाही? माझी नजरच नाही का?" तिने हे काम सोडून द्यायचे ठरवले होते. मी तिला खरे सांगितले तेव्हा ती रडली, आणि मला सुशीलचा जेवढा राग यायचा राहिला होता तेवढाही आला. एका माणसाच्या आळसाने दुसऱ्याचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडतो, याहून घाण गोष्ट मला माहीत नाही.

क्षमाने पेट्या अमरावतीला न्याव्यात. दर पावसाळ्याआधी डांबराच्या गोळ्या बदलाव्यात. सुशीलची छापील लेबले काढू नयेत. होय, काढू नयेत. खोटी आहेत, मला ती बघवत नाहीत, पण शिस्त ती शिस्त. त्याने मोडली म्हणून मी मोडणार नाही. त्यांच्याखाली माझ्या अक्षरातली लेबले मी जोडली आहेत. पुढे जो कोणी बघेल त्याला दोन्ही दिसोत.

कलम ८. या कलमाचा सुरुवातीचा भाग आधीच लिहिलेला होता; बाकीचा आज, साक्षीदार आल्यावर वाढवला आहे.

एकच माशी राहिली. पेटी चार, उजवा कोपरा: मोठी, काळी, बोटाच्या दोन पेरांएवढी मायक्रोस्टायलम. माझ्या अख्ख्या संग्रहात हिच्यासारखी दुसरी नाही. रायपूरच्या भागात ही जात माझ्या माहितीत कुणाला मिळालेली नाही. मला आठवतो तो तापलेला लाल मुरूम, चपलेवर बसलेली धूळ, आणि मी जाळे आणले तरी न उडालेली ही माशी. हा मुरूम कुठला? एक तर सिलतऱ्यापलीकडच्या कोसमभाठ्याचा, जिथे मी पिपरियाहून परतल्यावर जात असे. भाठा म्हणजे इकडे मुरमाचे पडीक रान. कोसमभाठ्यावरून आणलेली माझी बाकीची पेटी मुंग्यांनी संपवली आणि त्या रानावर आता कारखान्यांची राख आहे. किंवा मग हा मुरूम पिपरियाच्या माळाचा. कोसमभाठ्याची असेल तर तिथे काय राहत होते याचा हा एकच पुरावा जगात आहे. पिपरियाची असेल तर काहीच नाही. सुशीलचे लेबल रायपूर म्हणते, आणि ते चुकून खरेही असू शकते, याचीच मला सर्वांत जास्त चीड येते.

महिनाभर मी आठवते आहे. आठवत नाही.

शेजारचे श्री. हिरालाल साहू साक्षीदार म्हणून आले आहेत. श्री. मेश्राम यांनी त्यांना हिंदी तर्जुमा वाचून दाखवला. या कलमाशी आल्यावर साहूंनी हात वर करून वाचणे थांबवले. म्हणाले, "दीदी, वो तो हमर भाठा आय. उहां मोर ददा के घर रिहिस." त्यांच्या वडिलांचे घर त्याच रानात होते. मग त्यांनी पेटी मागितली, काचेवरून बराच वेळ वाकून पाहिले. "अइसने मक्खी रहय उहां. मैं लइकापन म देखे हंव."

मी त्यांना समजावले की लहानपणी पाहिली ती हीच असे नाही, पाच-सहा जाती अशाच दिसतात, आणि ही मी तिथेच पकडली हे मला आठवत नाही.

"तोला याद नइ हे, मोला तो हे," ते म्हणाले. मग पेटी माझ्याकडे सरकवून म्हणाले, "लिख दे न दीदी. कोसमभाठा के नाव कोनो जगा म तो रही."

सुशीलला नाही म्हणणे सोपे होते. हा माणूस माझ्याकडून स्वतःसाठी काही मागत नव्हता. त्याच्या गावाचे रान गेले, घर गेले, आता नखाएवढ्या कागदावर नाव मागतो आहे. मी टाक दौतीत बुडवला. मला मनापासून कोसमभाठा लिहायचे होते. आयुष्यात दुसरे काही इतके लिहावेसे वाटलेले नाही. आणि कुणीही, कधीही, ते खोटे ठरवू शकले नसते.

हिरालालभैया, मला क्षमा करा. तुमचा भाठा तुम्हाला आठवतो, ही माशी नाही. उद्या कुणी तुमच्या रानाविषयी माझ्या लेबलावर विश्वास ठेवेल, आणि तो विश्वास मी अंदाजाने कमावलेला असेल.

वरील माशीखाली मी आज सर्वांसमोर जे लेबल लावले त्याचा मजकूर असा: स्थळ माहीत नाही. वि. श्या. पिं.

हिरालालभैया समोर बसले आहेत. चष्मा लावून सहीची जागा शोधत आहेत.

इथे मृत्युपत्र संपले. यापुढे यात एक अक्षरही वाढवलेले नाही.

विनोदिनी श्यामराव पिंपळापुरे
(सही)

वरील बाईंनी आमच्या डोळ्यांदेखत सही केली व आम्ही त्यांच्या आणि एकमेकांच्या समोर सह्या केल्या. या मृत्युपत्रात आम्हाला काहीही मिळालेले नाही.

साक्षीदार १: हिरालाल मंगलू साहू, चौबे कॉलोनी, मूळ गाव कोसमभाठा (सही)
साक्षीदार २: सौ. मीरा यशदीप गजभिये, चौबे कॉलोनी (सही)

ठिकाण: रायपूर
दिनांक: १७ सप्टेंबर २०२५